स्वच्छ हात, उशिराची सही

23 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचे निकाल लागले. त्यानंतरच्या सोमवारी आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत एकच विषय होता: पृथ्वीराज चव्हाण पडले. कराड दक्षिणमध्ये भाजपच्या अतुल भोसले यांनी त्यांना सुमारे 39 हजार मतांनी हरवलं. आमचे गणिताचे सर हळहळले, "एवढा शिकलेला माणूस! अमेरिकेत इंजिनिअर होता. एक डाग नाही अंगावर. अशा माणसाला पाडतात लोक?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

घरी आल्यावर मात्र मनात एक प्रश्न घोळत राहिला. आपण हळहळलो ते नेमकं कशासाठी? त्यांची पदवी आणि त्यांचा स्वच्छपणा यांच्यासाठीच ना? पण या माणसाकडे सत्ता होती, तेव्हा आपल्या वाट्याला काय आलं, हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही. म्हणून हा लेख. तो चव्हाणांवर आहे, पण त्याहून जास्त आपल्यावर आहे.

आधी त्यांचं जे आहे ते मान्य करू, कारण इन्साफ आधी दुसऱ्याच्या बाजूचा करावा लागतो. वडील आनंदराव चव्हाण केंद्रात मंत्री, आई प्रेमलाकाकी खासदार आणि प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्षा. म्हणजे राजकारण घरातच होतं. तरी मुलगा पिलानीला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकला, पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेत जाऊन एमएस केलं, तिथं विमानांच्या उपकरणांवर काम केलं आणि परत आला. संगणकावर भारतीय भाषा आणण्याच्या कामातही त्यांचा हात होता. मी आज हा लेख मोबाईलवर देवनागरीत लिहिते आहे, त्यामागे त्या पिढीतल्या अशा अनेकांची मेहनत आहे. 1991 ला ते कराडचे खासदार झाले, 1999 ला हरले, नंतर राज्यसभेवर गेले. आदर्श प्रकरणात अशोक चव्हाणांना जावं लागलं, तेव्हा 11 नोव्हेंबर 2010 ला मुख्यमंत्री म्हणून दिल्लीहून त्यांना पाठवण्यात आलं. पाठवण्याचं कारणच हे की माणूस स्वच्छ आहे.

आणि तो स्वच्छ निघाला. राज्य सहकारी बँकेवर 2011 ला प्रशासक आले. 2012 ला मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत बदल झाला आणि चटईक्षेत्राच्या नावाखाली चालणाऱ्या मर्जीला आळा बसला. दहा वर्षांत सिंचनावर सुमारे 70 हजार कोटी रुपये खर्च झाले आणि सिंचित क्षेत्र वाढलं 0.1 टक्का, हा आकडा त्यांच्याच काळातल्या आर्थिक पाहणीतून बाहेर आला. मुख्यमंत्र्यांनी तो दडपला नाही, उलट श्वेतपत्रिका काढण्याची घोषणा केली. आघाडीतल्या मित्रपक्षाचा उपमुख्यमंत्री त्या वादात राजीनामा देऊन बसला. हे सोपं नव्हतं. आकडा समोर आला की तो तपासायचा आणि त्यावर बोट ठेवायचं, ही खरी इंजिनिअरची सवय.

याच सवयीची दुसरी बाजू म्हणजे फायली. प्रत्येक फाईल ते स्वतः वाचतात, म्हणून फायली तुंबतात, अशी तक्रार मंत्रालयात कायम असायची. 2013 ला शरद पवारांनी टोमणा मारला, की सही करताना काहींच्या हाताला लकवा भरतो की काय. आम्हाला तेव्हा तो टोमणा उलट प्रशस्तिपत्रकासारखा वाटला होता. बिल्डरांच्या फायलीवर हात थबकतो, याहून चांगलं काय? आम्ही चहा पिता पिता टाळ्या दिल्या.

त्याच ढिगात एक फाईल आपलीही होती. हे मात्र आम्हाला दिसलं नाही.

आता तारखा बघू. मी शिक्षिका आहे, मला हजेरीपटाची सवय आहे. कोण कधी आला, हे मी भावनेवर नाही ठरवत.

9 मार्च 2005 ला पंतप्रधान कार्यालयाच्या अधिसूचनेनं सच्चर समिती नेमली गेली. त्या वेळी पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री कोण होते? पृथ्वीराज चव्हाण. 2004 पासून 2010 पर्यंत तेच होते. म्हणजे देशातल्या मुसलमानांच्या शिक्षणाची आणि रोजगाराची स्थिती काय आहे, हे सांगणारा अहवाल 2006 ला आला, तेव्हा तो ज्या कार्यालयाकडे गेला तिथंच हे गृहस्थ बसत होते. त्यांना कोणी नव्यानं सांगायची गरज नव्हती.

महाराष्ट्रात 2008 ला विलासराव देशमुखांच्या सरकारनं डॉ. महमूदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्याला पाच वर्षं लागली. हा उशीर चव्हाणांच्या खात्यावर पूर्ण टाकणं योग्य नाही. पण ऑक्टोबर 2013 ला अहवाल हातात आला. 2011 च्या जनगणनेत राज्यातली मुस्लीम लोकसंख्या 11.54 टक्के. अहवालाची शिफारस होती, शिक्षण आणि नोकऱ्यांमध्ये 8 टक्के आरक्षण द्यावं.

ऑक्टोबर 2013 नंतर काय झालं? डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन झालं. आपल्यासाठी काही आलं नाही. 2014 उजाडलं, लोकसभेची आचारसंहिता लागली. 16 मे ला निकाल लागला आणि काँग्रेसला राज्यातल्या 48 पैकी फक्त 2 जागा मिळाल्या. 5 जून ला अर्थसंकल्प मांडला गेला, म्हणजे विधिमंडळ भरलेलं होतं. तेव्हाही काही नाही. अधिवेशन उरकलं आणि 25 जून 2014 ला मंत्रिमंडळानं निर्णय घेतला: मराठ्यांना 16 टक्के आणि मुसलमानांतल्या 50 मागास समूहांना 'विशेष मागास प्रवर्ग-अ' म्हणून 5 टक्के. 9 जुलै ला अध्यादेश निघाला. आठचे पाच झाले, ते सोडा. पण कायदा नाही, अध्यादेश. तोही विधानसभेची मुदत संपायला जेमतेम चार महिने असताना.

अध्यादेश म्हणजे काय, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसतं. विधिमंडळ चालू नसताना राज्यपाल जो तात्पुरता कायदा काढतात तो अध्यादेश. विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर झालं नाही, तर तो आपोआप संपतो. कोणाला रद्द करावा लागत नाही, कोणाला विरोधात मत द्यावं लागत नाही. नुसतं गप्प बसलं तरी पुरतं. ज्यांनी घर बांधलं आहे त्यांना कळेल: स्लॅब टाकण्याआधी खाली लाकडांचं सेंट्रिंग लावतात. सेंट्रिंग म्हणजे स्लॅब नव्हे. आमच्यासाठी फक्त सेंट्रिंग लावलं गेलं आणि गवंडी निघून गेले.

कोणी म्हणेल, त्यांना एवढं कुठं सुचणार, निवडणुकीची घाई होती. माझं म्हणणं असं, की त्यांना नक्की माहीत होतं, आणि याचा पुरावा त्यांच्याच कारकिर्दीत आहे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा अध्यादेश चव्हाण सरकारनं त्याच महिन्यात काढला. आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात विधेयक आणून दोन्ही सभागृहांत मंजूर करून घेतलं. विरोध कमी नव्हता, तरी केलं. मला त्याचा आनंद आहे. आमच्या मोहल्ल्यातही जिन उतरवणारे बाबा आहेत आणि त्यांच्याकडे फसून आलेल्या आया मी पाहिल्या आहेत. पण यातून एवढं सिद्ध होतं, की अध्यादेशाचं आयुष्य किती असतं आणि त्याचा कायदा कसा करायचा, हा रस्ता या मुख्यमंत्र्यांना पाठ होता. ऑगस्टात अध्यादेश, डिसेंबरात कायदा. तेच नागपूर, तेच अधिवेशन, आणि रहमान अहवाल येऊन दोन महिने झालेले. एक फाईल चालली, दुसरी नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबरात राष्ट्रवादीनं पाठिंबा काढला, चव्हाणांनी राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली. निवडणुकीत सत्ता बदलली. 14 नोव्हेंबर 2014 ला मुंबई उच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला. मराठा आरक्षणाला स्थगिती, मुसलमानांच्या नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती, पण मुसलमानांचं शिक्षणातलं 5 टक्के आरक्षण न्यायालयानं चालू ठेवलं. हे पुन्हा वाचा. दोन्ही समाजांच्या आरक्षणांतला एकच भाग त्या दिवशी कोर्टात टिकला, आणि तो आपल्या मुलांच्या शिक्षणाचा होता.

नव्या भाजप सरकारनं डिसेंबरात मराठा आरक्षणाचं विधेयक आणलं, जे कोर्टानं थांबवलं होतं त्याचं. जे कोर्टानं चालू ठेवलं होतं, त्याचं आणलं नाही. अध्यादेश संपला. मार्च 2015 मध्ये त्यावर आधारलेला शासन निर्णयही रद्द झाला. यातला मोठा गुन्हा त्या सरकारचा आहे, आणि "धर्माच्या आधारावर आरक्षण देता येत नाही" ही त्यांची सबब खोटी आहे, कारण यादी 50 मागास समूहांची होती आणि शिक्षणापुरतं न्यायालयानं ते मान्य केलं होतं. हे मी पूर्वीही लिहिलं आहे, पुन्हाही लिहीन. पण दार उघडं ठेवून निघून गेलेल्या घरमालकाला "चोर वाईट होता" असं म्हणून मोकळं होता येत नाही. चोर येणार हे मे महिन्यातच दिसलं होतं.

हे सगळं माझ्यासाठी कागदावरचं नाही. त्या जूनमध्ये आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी होती. वडील गॅरेजात काम करणारे. तिला पॉलिटेक्निकला जायचं होतं, इलेक्ट्रॉनिक्सला. जुलैत बातमी आली तशी तिची आई माझ्याकडे आली, "आपा, अपने वास्ते आया बोलते आरक्षण. कौनसा कागद लगता?" मी मराठीची बाई, म्हणजे सरकारी कागद मलाच वाचायला आणतात सगळे. आम्ही अर्ज भरला, शाळा सोडल्याचा दाखला जोडला, आजोबांच्या शाळेतला उतारा काढला. कार्यालयात पहिल्यांदा सांगितलं, नमुना अजून आलेला नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, साहेब नाहीत. तिसऱ्यांदा दाखल्यावर नुसतंच 'मुसलमान' लिहिलंय, पोटजात कुठाय, म्हणून परत. प्रमाणपत्र हातात पडलं तेव्हा दसरा उलटून गेला होता आणि प्रवेश कधीच संपले होते. आम्ही म्हटलं, असू दे, पुढच्या वर्षी चालेल. नोव्हेंबरात कोर्टानं शिक्षणातलं आरक्षण चालू ठेवलं, तेव्हा तिची आई मिठाई घेऊन आली होती. नोव्हेंबर-डिसेंबरात कुठले प्रवेश चालू असतात? ज्या दिवसांत तो कागद कायद्यानं आणि कोर्टानं दोन्हीकडून खरा होता, त्या दिवसांत तो दाखवायला खिडकीच उघडी नव्हती. पुढच्या मार्चमध्ये तो रद्दी झाला.

त्या पाच टक्क्यांनी तिचं आयुष्य पालटलंच असतं, असं मी म्हणणार नाही. पण हाच अध्यादेश कायदा म्हणून डिसेंबर 2013 ला आला असता, तर जून 2014 ला तिच्या हातात कागद वेळेवर असता. कोर्टात त्याचं जे व्हायचं ते झालं असतं. निदान कायदा मोडायला पुढच्या सरकारला सभागृहात उभं राहून हात वर करावा लागला असता. गप्प बसून भागलं नसतं.

आता चव्हाणांच्या बाजूचे मुद्दे. एक, आघाडी होती, मित्रपक्ष अडवत होता. खरं आहे. पण मित्रपक्षाला सिंचनावर दुखावण्याची हिंमत होती, तर आमच्यासाठी थोडी कमी का पडली? दोन, घाईनं केलेला कायदा कोर्टात टिकला नसता, म्हणून ते सावध होते. मग शेवटी केलं ते घाईनंच की! सावधपणे आठ महिने थांबायचं आणि नंतर निवडणुकीच्या तोंडावर घाईनं अध्यादेश काढायचा, यात दोन्हींचे तोटे आहेत आणि फायदा एकाचाही नाही. तीन, पुढे महाविकास आघाडीनं तरी काय केलं? बरोबर. फेब्रुवारी 2020 मध्ये नवाब मलिकांनी विधान परिषदेत घोषणा केली, काही दिवसांत उद्धव ठाकरे म्हणाले असा प्रस्ताव माझ्यासमोर नाही, आणि विषय मिटला. त्या सरकारात चव्हाण मंत्री नव्हते, म्हणून तो दोष त्यांना देत नाही. पण यातून त्यांचा उशीर माफ होत नाही. उलट तो जास्त महाग ठरला, कारण तशी संधी पुन्हा आलीच नाही.

मराठा समाजाकडे बघा. त्यांचा 2014 चा अध्यादेश गेला, कायदा अडला, 2018 ला दुसरा आला, मे 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला, फेब्रुवारी 2024 ला तिसरा आला. बरोबर की चूक हा वाद वेगळा. मुद्दा असा, की त्यांची फाईल कोणालाही बंद करता येत नाही. आपली बंद झाली आणि कोणत्याही पक्षाला त्याची किंमत मोजावी लागली नाही.

का? इथं मी आपल्याकडे वळते.

आपल्याकडे आमदार मोजायची दोन मापं आहेत. पहिलं माप: आमचा आहे का, इफ्तारला येतो का, कब्रस्तानची भिंत बांधून दिली का. दुसरं माप जरा शिकलेल्यांचं: सभ्य आहे का, सेक्युलर बोलतो का, किती शिकलाय. आमच्या घरांत 'इंजिनिअर' हा शब्द तर किताबासारखा आहे. लग्नाच्या पत्रिकेवर छापतात. म्हणून इंजिनिअर मुख्यमंत्री म्हटलं की आपण अर्धं काम झालं समजलो. या दोन्ही मापांत एक गोष्ट नाही: त्यानं सभागृहात आपल्यासाठी काय मांडलं, आणि कोणत्या तारखेला.

स्वच्छपणा ही मोठी गोष्ट आहे, पण तो न खाण्याचा गुण आहे, देण्याचा नाही. ज्याच्याकडे जमीन आहे, कारखाना आहे, त्याच्या फाईलला उशीर झाला तर त्याचं नुकसान होतं, पण तो थांबू शकतो. दहावी पास मुलगी थांबू शकत नाही. तिचं जून महिन्याचं वय एकदाच येतं. म्हणून लाचखोर राजकारण्याइतकाच सावकाश राजकारणीही गरिबाला परवडत नाही, आणि हे म्हणायला आपण भितो, कारण समोरचा माणूस भला असतो.

या विधानसभेत 288 पैकी 10 मुस्लीम आमदार आहेत. या दहांनी सगळं ओढावं, ही अपेक्षाच चूक आहे. आपली बहुतेक मतं आपल्या नसलेल्या आमदारांना जातात. म्हणजे प्रश्न विचारायचे ते त्यांनाच. आणि आमदाराच्या हातात नुसती भाषणं नसतात. तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी असते, अर्ध्या तासाची चर्चा असते, अशासकीय विधेयक असतं. यातलं आपल्या आमदारानं आपल्यासाठी काय वापरलं, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारलंय? वॉर्डातल्या गटारासाठी आपण नगरसेवकाच्या दारात भांडतो. आमदाराकडे मात्र शादीखान्याला निधी मागायला जातो आणि फोटो काढून परत येतो.

पृथ्वीराज चव्हाणांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांच्याविषयी आदर होता आणि अजूनही आहे. 2014 आणि 2019 ला कराड दक्षिणनं त्यांना निवडून दिलं, 2024 ला नाही दिलं. का नाही दिलं, हे कराडकरांना विचारा, मी तिथली नाही. पण शिक्षकखोलीत हळहळताना यापुढे मी एवढं म्हणणार: माणूस चांगला होता, आणि आपली फाईल त्याच्याकडे ऑक्टोबरपासून जूनपर्यंत पडून होती. दोन्ही वाक्यं एका श्वासात म्हणता आली पाहिजेत.

दहावीच्या मराठीच्या पेपरात पत्रलेखन असतं. मुलं दरवर्षी तेच लिहितात, वृक्षारोपणासाठी रोपं मागणारं पत्र, सहलीसाठी विनंती. यंदा मी वर्गाला वेगळा विषय दिला: आपल्या मतदारसंघाच्या आमदारांना पत्र लिहा आणि विचारा, 2014 ला उच्च न्यायालयानं चालू ठेवलेलं शिक्षणातलं 5 टक्के आरक्षण परत आणण्यासाठी आपण सभागृहात कोणता प्रश्न, कोणत्या तारखेला विचारला. बेचाळीस वह्या आल्या. व्याकरणाच्या चुका लाल शाईनं सुधारल्या, मायना नीट करून घेतला. मग पालकांना विचारून त्यातली अकरा पत्रं खरोखर पोस्टात टाकली. उत्तर आलं तर इथं छापीन. नाही आलं तर तारखेसकट तेही छापीन.